चौदावा दिवस

“डावी किडनी जेमतेम सहा टक्के काम करतेय. काढावी लागेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाहेर येताच मी धाकट्या भावाची, दगाची, कॉलर धरली. शहाद्याच्या त्या दवाखान्यात बाकांवर माणसं बसली होती, बघत होती. बघेनात का! केळीच्या गाड्या भरणारा पंचेचाळिशीचा बाप्या, आणि अक्कल दीड दमडीची नाही. तीन महिन्यांपूर्वी याच बाईंनी त्याला बजावलं होतं, मूत्रनळीत खडा अडकलाय, आठ दिवसांत काढून घ्या.

“खडा पडी गया, असं सांगं व्हतं ना तू माले? खोटं काबरं बोलना?”

“खोटं नही, भाऊ. दुखनं बंद व्हयी गयं व्हतं. ऑपरेशननं भ्याव वाटे. म्हनीसन गोया खाद्यात. एक बी दिन चुकना नही.”

“कसान्या गोया?”

“व्हिटॅमिनन्या. सी नि ई. उंदीरनी मूतनी नळी बांधतस, ह्या गोया देतस, नि त्यास्नी किडनी वाचस, तूच सांगं व्हतं ना!”

माझ्या हातातली कॉलर सुटली.

सांगितलं होतंच मी. फार्मसी कॉलेजच्या उंदीरघरात बावीस वर्षं पिंजरे साफ करतोय. घरी कोणी कामाचं विचारत नाही, नाक तेवढं मुरडतात. गेल्या दिवाळीला पहिल्यांदा दगाने विचारलं आणि मला चेव चढला. कॉलेजच्या सरांनी उंदरांच्या मूत्रनळीला दोरा कसा बांधला, तिसऱ्या पिंजऱ्यातल्यांना रोज मी माझ्या हाताने व्हिटॅमिन कसं पाजलं, त्यांच्या किडन्या इतरांपेक्षा कमी कशा बिघडल्या, सगळं सांगितलं. कमी बिघडल्या म्हणजे बिघडल्याच, हे सांगायचं राहिलं. दोरा कोणाचाच सोडला नाही, हेही राहिलं. मोठेपणा मिरवायला मात्र विसरलो नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती, आणि राग निघत होता त्याच्यावर.

“अडकेल खडा गोयास्नी निंघस का रे, मूर्खा? डॉक्टरले इचारता नही येत व्हतं?”

“डॉक्टरले काय इचारू? तू व्हता ना घरमा.”

कपाळ माझं!

दगा बाकावर बसला. मग त्याने हळूच विचारलं,

“मंग त्या तिसरा पिंजराना उंदीर कितला दिन जगनात, भाऊ?”

“चौदा. चौदावा दिनले मारी टाकतस. किडनी काढीसन दखतस.”

“सम्दास्ले?”

“सम्दास्ले.”

“कोन मारस?”

सरांचं नाव घेता आलं असतं. कागदावर सही त्यांचीच असते.

“मीच,” मी म्हणालो.

दगा बाकावर जरा पलीकडे सरकला आणि माझ्यासाठी जागा केली.

“बस ना भाऊ.”

मी उभाच राहिलो.