गाळातले टमाटे

निशा साळवे सही करायच्या आधी जागेवर जाऊन येते, ही गोष्ट मलजल मंडळाच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होती आणि कुणालाच आवडत नव्हती. शहराचं सांडपाणी गोळा करायचं, स्वच्छ करायचं आणि मग नाल्यात सोडायचं, हे मंडळाचं काम. त्यासाठी दिलेला पैसा खरंच त्याच कामावर गेला का, हे बघायचं काम निशाचं. तिच्या आधीचे साहेब पंख्याखाली बसून ठेकेदारानं जोडलेले फोटो बघायचे आणि सही ठोकून मोकळे व्हायचे. निशा स्कूटी काढायची. "बाईला ऑफिसात करमत नाही," असं लोक मागून म्हणायचे. म्हणू द्या की! तिला खरंच करमत नव्हतं.

मार्चमधली गोष्ट. तिच्या टेबलावर गाळ वाहतुकीचं बिल येऊन पडलं होतं. सांडपाण्यात जो गाळ खाली बसतो तो उघड्या वाफ्यांत पसरून वाळवायचा आणि दर पंधरा दिवसांनी ट्रॅक्टर भरून लांब नेऊन टाकायचा, असा तो ठेका. ठेका तात्यासाहेबांचा. सांडपाणी स्वच्छ करायच्या केंद्रावर राबणाऱ्या बायांचा पगारही त्याच बिलात धरलेला. बिलामागोमाग तात्यासाहेब स्वतः आले, कडक इस्त्रीचे, अत्तर लावलेले, आणि न विचारता खुर्चीत बसले.

"मॅडम, बायांना दोन महिने झाले पगार नाय. तुमच्या सहीवाचून अडलंय," ते म्हणाले. "माझं काय, मी थांबीन. गरिबाचं पोट थांबतं का?"

"नाही थांबत. म्हणून तर आत्ताच निघते केंद्रावर," निशा म्हणाली आणि तिनं हेल्मेट उचललं. तात्यासाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं. लिफ्टपर्यंत ती पोचली नसेल, तेवढ्यात त्यांनी मोबाइल कानाला लावला होता.

केंद्र वाळूजच्या बाजूला. पुंडलिकनगरात राहणाऱ्या निशाला तो रस्ता काही रोजचा नव्हता. तरी वासानं बरोबर पोचवलं. फाटकातून आत गेलं की पहिली लोखंडी जाळी. अख्ख्या शहराचं गटार तिथं येऊन आदळतं आणि प्लॅस्टिक, चिंध्या, केस, चपला, माणसं संडासात जे जे टाकतात ते सगळं तिथं अडकतं. लांब दाताळ्यानं ते ओढून काढणारी एक बाई तिथं उभी होती. साठीच्या आसपासची, काटक, साडीवर पुरुषाचा शर्ट घातलेली.

"जयभीम, मावशी," निशा म्हणाली.

"जयभीम, जयभीम!" बाईनं दाताळं भिंतीला टेकवलं. "हाफिसातल्या का तुमी? पगाराचं घिऊन आल्या का?"

तिचं नाव मनकर्णाबाई हिवराळे. बजाजनगरात एका खोलीत नात प्रेरणाला घेऊन राहायची. नात बारावीला. परीक्षा चालू होती पोरीची आणि खोलीवाल्यानं सांगून ठेवलं होतं, पाडव्याच्या आत थकलेलं भाडं आलं नाही तर सामान बाहेर.

"पोरगी परीक्षा द्यायलीय मॅडम. तेवढं भाडं चुकतं झालं की मी मोकळी. कुनी म्हनतं सही राह्यली, कुनी म्हनतं सायेब नायती. सही काय असती वो एवढी मोठी?"

सही निशाचीच होती. पेन पर्समध्ये होतं, बिलही. आत जायचं, बिल काढायचं, करून टाकायची सही; बाईचं सामान घरात राहील. असं एकदा तिच्या मनात आलं, नाही असं नाही. पण न बघता केलेली सही म्हणजे दुसऱ्याच्या खोटेपणाला आपलं नाव देणं, आणि ते तिला मरेपर्यंत जमणार नव्हतं.

"बघते मावशी. आजच्या आज बघते," ती म्हणाली.

केंद्राचे अभियंता सुदर्शन काळवणे पायऱ्यांवर येऊन उभेच होते. तात्यासाहेबांचा फोन आधीच पोचलेला. माणूस वाईट नव्हता हो. गोड बोलणारा, चहा पाजणारा, आणि वरच्याला कधी नाही न म्हणणारा. असल्या लोकांमुळंच तर वाटोळं होतं! त्यांनी निशाला केबिनमध्ये बसवलं, पोहे मागवले, भिंतीवरचा नकाशा दाखवला, पंपांची नावं सांगितली. वाफ्यांचं नाव काढलं की म्हणत, "कालच रिकामे केलेत मॅडम, नुसती वाळू आहे तिथं. कशाला उन्हातान्हात?" आणि मुकादम सोमनाथला आणखी चहा आणायला पिटाळत.

निशा ऐकून घेत होती. दोन चहा झाले तेव्हा तिनं हेल्मेट उचललं, आणि इथं काळवण्यांनी एक चूक केली. त्या केंद्रावर एक रिवाज होता. कुणी साहेब येवो, मॅडम येवो, नाहीतर पुढारी, पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. काळवण्यांनी सवयीनं टेबलाखालून एक पिशवी काढून तिच्यापुढं ठेवली. पिशवीत टमाटे. लालबुंद, टच्च, एकेक मुठीएवढा.

"आमच्या इथलेच आहेत, मॅडम! औषध नाही, खत नाही. आपले सगळे साहेब नेतात. मोठे साहेब तर डबल पिशवी मागतात."

"अरे वा! लावले कुणी?"

"लावायचे कशाला!" काळवणे रंगात आले. "शहर टमाटे खातं. बी काही पोटात पचत नाही, ते सरळ आमच्याकडं येतं. वाफ्यात गाळ पसरला की आपोआप उगवतं. असा टमाटा तुम्हाला मंडईत मिळणार नाही."

आता तुम्ही शी म्हणाल. निशा म्हणाली नाही. ती कन्नडकडची शेतकऱ्याची लेक. तिच्या बापानं जन्मभर टमाटे लावले, आणि बी टाकल्यापासून फळ लाल व्हायला किती थांबावं लागतं हे तिला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. तिनं एक टमाटा हातात घेऊन फिरवून बघितला.

"वाफ्यात उगवतात म्हणालात ना? चला, झाडं बघू."

काळवण्यांचा चेहरा खर्रकन उतरला. काय बोलून बसलो ते त्यांना तेव्हा कळलं. पण जीभ सुटलेली, पिशवी टेबलावर, आणि मॅडम दाराबाहेर.

केंद्राच्या मागं गाळाचे वाफे होते. वाळूबिळू कसली! जिकडं बघावं तिकडं टमाट्याचं रान. गुडघ्याएवढी झाडं एकमेकांत गुंतलेली, फळांच्या भारानं लोळलेली, खाली जुना गाळ भेगा पडून दगड झालेला. ट्रॅक्टरचं चाक तिथं कित्येक महिन्यांत फिरकलेलं नव्हतं.

"काळवणे साहेब, बिलात लिहिलंय दर पंधरा दिवसांनी वाफा रिकामा केला. पंधरा दिवसांत लाल होणारा टमाटा माझ्या बापाला दाखवा हो. म्हातारा खुळा होईल!"

"तसं नाही मॅडम... गाळ काढतो आम्ही. वरच्यावर काढतो. झाडं तेवढी सांभाळून..."

"म्हणजे झाड उपटायचं, खालचा गाळ ट्रॅक्टरात भरायचा, आणि झाड परत होतं तिथं ठेवायचं? आणि फळ पडू द्यायचं नाही? हात जोडले पाहिजेत हो तुमच्या माणसांना!"

निशानं मोबाइल काढून फोटो घेतले. बायाही एव्हाना येऊन उभ्या राहिल्या होत्या, नऊ-दहा जणी. कुणी दोघी तोंडाला पदर लावून हसल्या आणि सोमनाथनं डोळे वटारले तशा गप्प झाल्या. निशा त्यांच्याकडं वळली.

"बायांनो, हा वाफा शेवटचा कधी उचलला?"

काळवण्यांनी मध्येच हात वर केला. आवाज मऊ होता, पण बोलणं साफ होतं. "विचार करून बोला बरं. गाळ उचलला नाही म्हणालात तर बिल गेलं. बिल गेलं तर पगार गेला. मग मला विचारायला येऊ नका."

निशा संतापली. ती तोंड उघडणार, तेवढ्यात मनकर्णाबाई पुढं आली. हात पदराला पुसतापुसता ती बोलली.

"दिवाळीच्या आदी उचलला व्हता. मंग ट्रॅक्टरच आला नाय. गाळ जास्ती झाला की वाल खोलतेत आन् देतेत नाल्यात सोडून. खोटं काहून बोलू मी? आमी काम केलं. रोज केलं. जाळी एक दिस सोडली नाय. मंग आमचा पगार काहून जायचा?"

भाडं, नात, परीक्षा, सगळं पणाला लावून ती बाई खरं बोलली होती. निशाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते लपवलंही नाही.

"मावशी, तुमचा पगार कुठंही जात नाही," ती म्हणाली. मग काळवण्यांकडं वळली. "ठेकेदारानं पगार थकवला तर मूळ मालकानं, म्हणजे मंडळानं, तो थेट मजुरांना द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा. कायदा आहे. तात्यासाहेबांची अनामत पडलीय आपल्याकडं, त्यातून पगार. वाहतुकीचा एक रुपया नाही. आणि नाल्याचं मी वेगळं लिहिणार आहे."

"असं आजवर कुणी केलेलं नाही, मॅडम."

"ठीक आहे. आज करू."

तिनं तिथंच, पंपाच्या ओट्यावर बसून टिपण लिहायला घेतलं. बायांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं उतरवलं, वाचून दाखवलं, अंगठे आणि सह्या घेतल्या. पगार बँकेच्या खात्यात जमा करावा, असं लिहीत होती तेव्हा मनकर्णाबाई जवळ सरकली.

"खात्यात नगा टाकू, मॅडम. कार्ड सोमनाथकडं हाय. समद्यांचेच हायेत. तोच काढून आनतो आन् हातावर देतो."

निशानं पेन खाली ठेवलं. "सोमनाथ, इकडं या."

"बायाच हरवतेत मॅडम, म्हणून मी सांभाळतो," सोमनाथ म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"छान सांभाळलीत. आता परत करा. इथंच द्यायची का पोलीस ठाण्यात, तुम्ही ठरवा."

सोमनाथनं काळवण्यांकडं बघितलं. काळवणे नाल्याकडं बघत होते. मग त्यानं खिशातून रबर लावलेला गठ्ठा काढला. प्रत्येक कार्डाला कागदाची चिठ्ठी चिकटवलेली, चिठ्ठीवर बाईचं नाव आणि पिन नंबर. निशानं एकेक नाव वाचून कार्ड जिचं तिच्या हातात दिलं. निघताना ती स्कूटीला किल्ली लावते न लावते तोच तात्यासाहेबांचा फोन आला. अत्तर आता उडून गेलं होतं.

"लई शहाण्या झाल्यात तुम्ही! तालुक्याला फेकीन. कन्नडला बसवीन!"

"फेका की. माहेर आहे माझं, भाडं तरी वाचेल," निशा म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

टिपण वर गेलं. वर थोडी खळखळ झाली, पण फोटो सोबत होते आणि मोठ्या साहेबांच्या फ्रिजमध्येही तेच टमाटे होते, त्यामुळं फार वेळ कुणी बोललं नाही. पाडव्याच्या आधी पगार खात्यात पडला. मनकर्णाबाईला मशीन चालवता येत नव्हतं, म्हणून सुटी घेऊन निशा स्वतः बजाजनगरला गेली. एटीएमच्या गार खोलीत मनकर्णाबाई धुतलेली साडी नेसून, चपला बाहेर काढून उभी राहिली. निशानं कार्ड आत घातलं, पिन कुठं दाबायचा ते दाखवलं आणि पडद्यावरचा आकडा मोठ्यानं वाचला.

"अठ्ठावीस हजार सहाशे."

"नाय नाय नाय!" मनकर्णाबाईनं तिचा हात धरला. "काढू नगा. माझं नाय ते. दोन म्हयन्याचे माझे सोळा हजार व्हतेत, आठ-आठ. दुसरीचं कार्ड आलं जनू माझ्याकडं. तिला लेकरं हायेत मॅडम, तिचं काढलं तर ती काय खाईल?"

निशानं कार्ड बाहेर घेतलं. उजेडात धरून वाचलं. मनकर्णाबाई सखाराम हिवराळे. हजेरीपत्रकावरचा आकडा तिनं स्वतः तपासला होता, बरोबर म्हणून खूण केली होती. तो पैसा बाईच्या हातावर किती पडतो, हे विचारायचं मात्र तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मावशी, कार्ड तुमचंच आहे. पैसेही तुमचेच. तुमचा पगार एवढाच होता. पहिल्यापासून."

मनकर्णाबाई त्या पडद्याकडं बघत राहिली. बाहेर दोन माणसं रांगेत येऊन उभी राहिली, एकानं काचेवर टकटक केलं. तिनं लक्ष दिलं नाही. ओठ हलत होते, ती मनातल्या मनात वर्षं मोजत होती. मग ती निशाकडं वळली. डोळे कोरडे होते आणि आवाज जाळीवरच्यासारखा खणखणीत.

"मंग आदीचे कुठंयत?"

"चला, बसा स्कूटीवर," निशा म्हणाली. "तेच विचारायला जाऊ."