सव्वादोनच्या बांगड्या

शहागंजातलं जाहेदाचं बांगड्यांचं दुकान इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत बसलं की जाहेदाच्या नवऱ्याला, कय्युमला, बाहेर उभं राहावं लागायचं. तरी तिनं वरच्या फळीवर टीव्ही बसवलाच. गाण्याची स्पर्धा लागली की टीव्हीचा उजेड काचेवर पडायचा, निळा, मग तांबडा, आणि भिंतीवरच्या हजारो बांगड्या हलल्यासारख्या वाटायच्या. जाहेदाला वाटायचं, आपण दुकानात नाहीच. कुठंतरी खोल पाण्याखाली बसलोय, आणि वर काठावर कुणी गातंय.

गाणारी पोरगी पाचोडची. नाव आवडा. असलं नाव चालायचं नाही, बदल, असं वाहिनीवाल्यांनी तिला सांगितलं होतं. तिनं बदललं नाही, आणि तिथंच जाहेदाचा जीव जडला. ते मोबाइलवरून मत पाठवायचे दिवस. जाहेदा गिऱ्हाइकाच्या एका हातात बांगड्या भरायची, दुसरा तसाच ठेवायची आणि म्हणायची, "मोबाइल काढ. आवडाला मत दे, मग हा हात." एका हातात बांगड्या, दुसरा मोकळा, अशी बाई उठून जाणार कुठं? द्यायची मत.

एवढं करून आवडा पाचवी आली. तिला रडवलं, ते रडणं तीन वेळा दाखवलं, मधे साबणाची जाहिरात लावली. आणि मग तिला न् तिच्यासारख्या चार जणांना एका गाडीत कोंबून गावोगाव नाचवायला काढलं. ह्याला ते दौरा म्हणतात. आमच्याकडं जनावरं बाजाराला नेतात, तीही मधे पाणी पाजून नेतात.

"चौक में कागद लग्या," कय्युम एक दिवस म्हणाला. "तेरी लाडली औरंगाबाद आ रही. अब दुकान कौन देखेगा, मैं?"

"तू बी चल. दुकान पळून जात नाय."

जाहेदानं आवडाचा हात टीव्हीवरच मापला होता. वीस वर्षं नुसता हात बघून माप सांगणारी बाई ती. सव्वादोन. जांभळ्या काचेच्या बारा न् बारा तिनं कागदात बांधल्या. त्या तिला स्वतः भरायच्या होत्या, आणि भरता भरता तो आवाज एकदा समोरून ऐकायचा होता, मधे काच नको, तार नको. बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

कार्यक्रम दुपारी चारचा, मैदानात. ऊन तिरपं होऊन मंचाच्या झालरीत अडकलं होतं. आवडा आली, गाणं सुरू झालं आणि जाहेदाचे डोळे आपोआप मिटले. ती परत पाण्याखाली गेली. उघडले ते हात बघायला, सवयच ती. टीव्हीवर गाताना आवडाचा डावा हात मांडीवर ठेका धरायचा. आज तोच हात वर करून ती लोकांकडं बघून हलवत होती. उजव्या हातातला माईक छातीपर्यंत खाली आला, तरी आवाज तेवढाच.

"ती गात नाय," जाहेदा म्हणाली.

"मैं सुन तो रहा."

"टेप हाय. हात बघ तिचा."

"लोगां कान से सुनते. तू हात से सुनती."

मैदान टाळ्या पिटत होतं. टेपला. एवढ्या माणसांत एकालाही फरक कळला नाही, आणि हीच माणसं मतं देऊन कुणाचा गळा चांगला ते ठरवणारी.

मध्यंतरात जाहेदा पुडा घेऊन उठली. मंचामागं दोरी बांधून एक गडी उभा होता. "बांगड्या भरायच्यात," ती म्हणाली, आणि त्यानं दोरी उचलली. बांगडीवालीला आपल्याकडं कुणी अडवत नाही.

आवडा कनातीच्या आत लोखंडी खुर्चीवर बसली होती. गळ्याला मफलर, हातात कोमट पाणी.

"मावशी, बोलू नको म्हणलेत मला," ती घोगऱ्या आवाजात कुजबुजली. "गळा बसलाय. सदतीस गावं झाली."

जाहेदानं तिचा डावा हात हातात घेतला आणि तिला कळलं, आपलं माप चुकलं. टीव्हीनं फुगवला होता की दौऱ्यानं खाल्ला होता कुणास ठाऊक, हात नुसती काडी. सव्वादोनच्या बांगड्या वरून ओतल्या तरी कोपरापर्यंत गेल्या असत्या.

तरी तिनं अंगठा तळव्यात दुमडला, बोटांच्या गाठी दाबल्या, अडलेल्या हाताच्या दाबतात तशा.

"लई कडक धरलाय हात पोरी. बांगडी टिचून वाढंल अशानं. गुणगुण काहीतरी, म्हंजी हात सैल पडंल. समद्यांला हेच सांगते मी."

आवडानं बांगड्यांकडं बघितलं, मग आपल्या मनगटाकडं. आठवडी बाजाराच्या गावची पोर ती. माप तिलाही कळत होतं. ती हसली, आणि गायली.

आवाज फाटला होता. वरच्या सुरावर तर नुसती हवा. पण जाहेदाच्या तळव्यात तिची बोटं ठेका धरायला लागली. कनात वाऱ्यानं फुगली, ऊन आत आलं, जांभळे ठिपके दोघींच्या अंगावरून वाहायला लागले. जाहेदा एकेक बांगडी इतकी हळू सरकवत होती, की बारा बांगड्यांना अख्खं गाणं लागलं.

"गळा, मॅडम, गळा," म्हणत एक आयोजक आत शिरला.

"दुसरा हात राहिलाय," जाहेदा म्हणाली.

"बास. चला बाहेर."

जाहेदा मैदानात आपल्या खुर्चीवर परत आली तोवर टेप वाजत होती. आवडा मंचावर आली, थांबली, आणि डाव्या हातानं तिनं माईकचं बटण सरकवलं. बांगड्या एकमेकींवर आदळल्या. तो किणकिणाट चारी भोंग्यांतून मैदानभर सांडला.

"टेप बंद करा, दादा," आवडा म्हणाली.

मग तो फाटका आवाज आला. मागून शिट्ट्या झाल्या, खुर्च्या सरकल्या. पैसे परत द्या, कुणीतरी म्हणालं. वरच्या सुराला गळा अडला, तिनं श्वास घेतला आणि तीच ओळ पुन्हा धरली. डावा हात मांडीवर पडत होता.

"गला बैठ गया इसका," कय्युम म्हणाला. मग जरा वेळानं, "हां. हात चल रहा."

जाहेदा उठली. उरलेल्या बारा बांगड्यांचा पुडा तिनं उघडला आणि दोरीकडं निघाली.