निम्मं वजन

थोरल्या मेव्हणीचं पत्र आलं ते पानगळीत. आता जर्दाळूचा बहर येऊन गळायला लागला, तरी आसानकुलनं उत्तर लिहिलं नव्हतं. पत्र काही हरवलं नव्हतं. टेबलाच्या खणात अगदी वरच पडलेलं होतं. खण उघडला की दिसायचं, म्हणून हल्ली तो खणच उघडत नसे.

विचारलं होतं फार थोडं. जिर्गाल, त्याच्या दिवंगत बायकोची बहीण, खिंडीपलीकडे सारी-बुलाकला राहायची. गवताच्या गंजीत तिला एक पिल्लू सापडलं होतं. ते तिनं काचेच्या पेटीत ठेवलं आणि उंदीर घालून वाढवलं. सापाला ती साप म्हणत नसे. तिकडे कुणीच म्हणत नाही, नाव घेतलं की तो ऐकतो म्हणतात. ती 'चाबूक' म्हणायची. "आमचा चाबूक नीट वाढतोय ना, तेवढं कळवा," तिनं लिहिलं होतं. "आणि बुरुलनं हातात घेतला तर चालेल ना? पोर ऐकत नाही." बुरुल तिची नात. आईबाप मेंढ्यांमागे कुरणावर, पोर आजीपाशी.

पत्राखाली चार वेळा केलेली वजनं होती, शेवटचं चाळीस ग्रॅम. सोबत लाल लोकरीचा एक धागा होता, नाकापासून शेपटापर्यंत मापून तोडलेला.

आसानकुलचा सगळा जन्म ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक घालण्यात गेला होता. साप पाळायचा नाद मात्र तरुणपणापासूनचा. घरी पाळलेल्या नक्षीदार धामणींची वजनं आणि लांबी टिपून त्यानं चौकटीच्या कागदावर एक रेघ काढली होती. एवढ्या लांबीला एवढं वजन, हे त्या रेघेवर बोट ठेवून सांगता यायचं. जिर्गालचे चारही ठिपके त्या रेघेवर अलगद बसले. म्हणजे धामणच. म्हणजे उत्तर एका शब्दाचं होतं: चालेल.

तो शब्द त्याच्या हातून उतरेना. तपकिरी रंग, पाठीवर ठिपके, डिवचला की शेपूट थरथरवतो, असं तिनं लिहिलं होतं. धामण तशीच असते. पण माळावरचा ढालतोंड्याही तसाच असतो, आणि तो विषारी. डोळ्यातली बाहुली गोल आहे की उभी फट, एवढं बघून कळवा, असं त्यानं तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं. ठिपके रेघेवर असताना म्हातारीला उगाच कशाला घाबरवायचं? आणि आपण असे कोण लागून गेलो? मग थंडी पडली, साप झोपले, आणि त्यानं तो प्रश्नही त्यांच्यासोबत झोपू दिला.

त्या बुधवारी दुपारी केनेश आला. जिर्गालचा धाकटा भाऊ, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इथं शहरात, फ्रुन्झेला आलेला. एका डोळ्यावर फडकं, खांद्यावर कुरुतची, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, पिशवी.

"दाजी, जिवंत आहात का अजून?" दारातूनच त्यानं आरोळी ठोकली. "ताईला वाटलं, तुम्हाला तुमच्याच सापानं गिळलं. उत्तर नाही, पत्ता नाही!"

"ये, ये. हळू बोल. वजन चाललंय."

"कुणाचं? तुमचं? तुमचं काय भरणार, चष्मा काढला तर हवाच राहील."

आसानकुल कसनुसं हसला. टेबलावर औषधाच्या दुकानातून आणलेला जुना तराजू होता. त्यानं आधी रिकामी कापडी पिशवी तोलली, तिचं वजन लिहून घेतलं. मग धामणीला पिशवीत उतरवून तोंडाला गाठ मारली आणि ती अलगद पारड्यात ठेवली. पिशवी हलायची थांबेपर्यंत त्यानं श्वाससुद्धा जपून घेतला.

"एवढी पूजा कशासाठी?" केनेशनं कुरुतचा गोळा तोंडात टाकला.

"खाल्ल्यावर तोललं तर उंदराचंही वजन लागतं. पिशवी वजा केली नाही तर तिचंही. मग वाढ कळत नाही."

"बरं, किती भरला?"

"दोनशे बारा."

केनेशनं झटकन डाव्या खांद्यावरून थू-थू केलं. "अहो दाजी! जिवंत जिवाचा आकडा असा खणखणीत सांगतात का? नजर लागेल त्याला. ताईनं ऐकलं असतं तर तुमच्या तोंडावर हात ठेवला असता."

"तिनं तर मला स्वतःहून कळवलेत आकडे."

"कळवणारच. पण खरे थोडेच कळवील! बुरुल जन्मली तेव्हा गावभर सांगितलं, दीड किलोची आहे. बायका डोळे पुसत बघायला आल्या, तर पोरगी ही एवढी, दुंब्या मेंढीच्या गुबगुबीत शेपटीसारखी! ताईचा हिशोब सोपा आहे. मेंढ्या निम्म्या, नातवंडं निम्मी. दुप्पट फक्त नवऱ्याची दारू सांगायची."

आसानकुलच्या हातातलं वजन टेबलावर पडलं.

"निम्मं? की थोडंसं कमी करून?"

"निम्मं. का हो?"

"आणि धागा? लांबीचा धागा पाठवलाय तिनं."

"धाग्याला कुठं तोंड असतं, दाजी? धागा खराच असणार."

आसानकुलनं खण उघडला. पत्र, धागा आणि कागद त्यानं टेबलावर पसरले. वजनं दुप्पट करून नवे चार ठिपके दिले. पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. ठिपके रेघ सोडून वर गेले आणि एकट्यानं उभे राहिले. एवढ्याशा लांबीत एवढं मांस धामणीच्या अंगावर कधीच चढत नाही. ते आखूड, जाड्या सापाचं वजन होतं.

"हातात कोण घेतं त्याला?" त्यानं विचारलं.

"ताईचे गुडघे गेलेत, तिला वाकवत नाही. हिवाळाभर पेटी तळघरात होती. आता उठलाय तो. बुरुलच काढते बाहेर. पोटाखाली हात घालून, मांजर उचलावी तशी. उद्या तोलणार आहेत, हिवाळ्यात किती उतरला ते बघायला. शाळेतून आली की."

"खाल्लंय का त्यानं काही?"

"वजन झाल्यावर घालणार म्हणाली. ते मात्र तुमच्यासारखंच."

म्हणजे पानगळीपासूनचा उपाशी. आणि ढालतोंड्याला नुसतं दिसतंच असं नाही, त्याला ऊबही कळते. पेटीत शिरलेला एक उबदार, छोटा हात.

"केनेश, तो धामण नाही. मला वाटतं, तो ढालतोंड्या आहे."

केनेश चघळायचा थांबला. मग हसला, पण हसू पुरतं उमटलं नाही. "काहीतरीच! उन्हाळाभर खेळली ना पोरगी. चावायचा असता तर तेव्हाच चावला असता."

"तेव्हा ताई वरचेवर उंदीर घालत होती."

केनेशनं डोळ्यावरच्या फडक्याची गाठ चाचपली. "अजून तुम्ही 'वाटतं' म्हणताय, दाजी. नक्की सांगा की."

नक्की? आसानकुल कागदाकडे बघत राहिला. तिनं खरंच निम्मं केलं असेल का? की निम्मं केलं, पण ते पिशवीचं वजन धरूनच? डोळा बघा म्हणावं, तर डोळा बघायला पोर तोंड जवळ नेणार. तेही आता विचारता येत नव्हतं.

"विषारी आहे असं कळवलं, तर ताई काय करेल?" त्यानं विचारलं.

"करेल काय? घरात शिरलेल्याला करतात तेच. पेटी उघडून डोक्यावर आयरान, आपलं आंबट ताक, ओतेल आणि मानानं बाहेर सोडेल. तेही स्वतः नाही. निरागस हात हवा म्हणते ती. मागच्या साली न्हाणीत निघालेला बुरुलच्याच हातून उंबऱ्याबाहेर ठेववला होता."

आसानकुल उठला. उठताना खुर्ची पडली, ती त्यानं उचलली नाही.

"फोन आहे तिकडे?"

"कोचकोरच्या पोस्टापर्यंत. पुढे घोड्यावरून टपालवाला."

"आणि बस?"

"आजची गेली. उद्या पहाटेची पोचते संध्याकाळी."

पोर शाळेतून येते दुपारी. आसानकुलनं कोट घातला, बटणं एकेक घर चुकून लागली. केनेश डोळ्यावरचं फडकं सांभाळत, उतारावरच्या धुळीच्या लोटांतून मागोमाग निघाला.

पोस्टात तारेच्या खिडकीशी एक वेण्या घातलेली मुलगी बसली होती. आसानकुलनं अर्ज तीनदा वाचून आत सरकवला. तिनं ओठांतल्या ओठांत वाचायला सुरुवात केली आणि थांबली.

"बाबा, हा शब्द असाच पाठवू? कोचकोरची बाई तो फोनवर मोठ्यानं वाचून घेते. घरी म्हातारी माणसं असतील. 'चाबूक' लिहिते ना, कळतं सगळ्यांना."

"नको."

"अहो, पण..."

"'चाबूक विषारी' असा निरोप आला तर कोचकोरला थट्टा समजतील. बाजूला ठेवतील." त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. रांगेतली माणसं वळून बघत होती. "साप राहू द्या. साप."

मागे कुणीतरी पुटपुटत थू-थू केलं. मुलगी लाल झाली, पण तिनं पेन उचललं नाही, शब्द तसाच राहू दिला. मग ती सगळं हलक्या आवाजात वाचू लागली.

"'साप विषारी आहे. पेटी उघडू नका. तोलू नका. आयरान ओतू नका. बुरुलला दुसऱ्या घरी पाठवा. मी येतोय. आसानकुल.'" तिनं वर पाहिलं. "तोलू नका?"

"हो."

"एकदा 'बहुतेक' खोडलंय इथं. 'बहुतेक विषारी' होतं. ते खोडलेलंच ठेवायचं?"

आसानकुलनं क्षणभर डोळे मिटले.

"खोडलेलंच."

"पोचेल का गं उद्या दुपारच्या आत?" केनेशनं विचारलं.

"वाटेत बूमच्या घळीत सकाळपासून वारा सुटलाय," ती म्हणाली. "तारा कधी चालतात, कधी नाही. कोचकोरला पोचली तर पुढचं त्या टपालवाल्यावर."

तिनं शब्द मोजले, पैसे घेतले, अर्जावर शिक्का मारला आणि पाठीमागच्या झरोक्यातून तो आत सरकवला. पलीकडून एक हात आला आणि कागद घेऊन गेला.