सुटलेला

चिखलीत आमचं ऑफिस एका फॅब्रिकेशनच्या शेडवर आहे. खाली ग्राइंडर चालू झाला की वरची मीटिंग आपोआप संपते, त्यामुळे आमचे बहुतेक निर्णय अर्धवट आहेत. चाकणच्या एका कंपनीसाठी आम्ही हजेरीचं सॉफ्टवेअर केलंय. त्यात कामगाराच्या तीनच अवस्था : हजर, रजेवर, सुटलेला. कार्ड दाखवून आत आला की हजर. शिफ्ट संपवून, कार्ड दाखवून गेटबाहेर पडला की सुटलेला.

ज्योतीराम नावाचा तिथला एक कामगार आत आला आणि प्रेस मशीनखाली सापडला. बाहेर पडला तो अँब्युलन्समधून, आणि अँब्युलन्स कार्ड दाखवत नाही. त्यामुळे आमच्या लेखी तो मेल्यावरही हजरच राहिला. ओव्हरटाइम वाढत गेला. आठवड्याच्या शेवटी सिस्टिमनं त्याला उत्कृष्ट उपस्थितीबद्दल अभिनंदनाचा मेसेज पाठवला. तो वाचला त्याच्या बायकोनं, योगिनीनं.

मग कंपनीच्या एचआरमधल्या दादासाहेबांचा फोन आला. "राव, माणूस गेला आणि तुमचं सॉफ्टवेअर अजून त्याच्या नावानं कँटीनमध्ये ताट लावतंय. काहीतरी करा."

"नवी अवस्था लागेल," आमच्या टीम लीड तेजस्विनी मॅडम म्हणाल्या. "नाव सुचवा."

"निष्क्रिय," मी म्हणालो.

"ते तू आहेस," शेजारच्या खुर्चीतला सुजित म्हणाला. "परमनंट लिहू. बिचारा तेवढंच व्हायचा राहिला होता."

फोनवरून दादासाहेब म्हणाले, "नवीन कशाला? सुटलेला टाका की. आमच्याकडं मेलेल्यालाबी 'सुटला बिचारा' म्हणत्यात. एकाच शब्दात दोन्ही बसतंय."

एका नावात दोन अर्थ कोंबू नयेत, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. शिवाय सुटलेला म्हटलं की सिस्टिम सुटायची वेळ मागते. दादासाहेबांनी अपघाताच्या जरा आधीची सांगितली. म्हणजे ज्योतीराम आधी सुटला आणि मग मशीनखाली गेला. सुटलेला माणूस कामावर नसतो. तो कामावर मेला नाही, तर त्याच्या जागी बायकोला नोकरी नाही. आणि योगिनीचा त्या नोकरीसाठीचा अर्ज दादासाहेबांच्याच टेबलावर होता.

"दादासाहेब, सुटल्यावर तो मशीनवर काय करत होता?" मी विचारलं.

"ते आता त्यालाच विचारायला पायजे."

मी 'कामावर मृत' असं नाव लिहिलं आणि भांडायला बाह्या सरसावून बसलो. मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे. हेच ठेव." मला भांडायला कुणी उरलंच नाही.

मग त्यांनी समजावलं. कोडमधलं आतलं नाव आपलं. स्क्रीनवर काय दिसावं, ते ग्राहक ठरवतो. तशी सोय आपणच दिलीय. दादासाहेबांनी ती सोय त्याच दुपारी वापरली. आत 'कामावर मृत', बाहेर 'सुटलेला'. वेळही त्यांच्या पसंतीची.

पुढच्या सोमवारी योगिनी मेसेजखालचा आमचा पत्ता शोधत जिना चढून आली. लातूरकडची, मोशीत भाड्यानं राहणारी. मोबाइल माझ्यापुढे धरला. पती घटनेपूर्वी सुटलेले असल्याने अर्ज नामंजूर.

"सुटले म्हणतेत. मग घरी का आले नाहीत?"

"वहिनी, आतमध्ये बरोबर नाव आहे," मी म्हणालो.

"आत म्हंजी कुठं?"

मी मॉनिटर तिच्याकडे वळवला. तिनं बोट ठेवून ओळ वाचली. मग पुन्हा वाचली.

"हे साहेबाला दिसतं का?"

"नाही."

"लेबर ऑफिसात?"

"नाही."

"मग फोटो काढते." तिनं मोबाइल वर उचलला.

"फोटो नको," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "ग्राहकाशी करार आहे आमचा. गोपनीयतेचा."

मी कीबोर्डकडे बघत राहिलो. त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"मग हे दिसतं कुणाला?" तिनं मला विचारलं.

"मला."

"मग तुमीच द्या नोकरी."

सुजित चहा सांगायला खाली गेला होता. ती त्याच्या खुर्चीत बसली.