तात्यासोंच्या रानातला हंडा

गडमुडशिंगीच्या तात्यासोंना आता खड्डे बुजवायचा वीट आला होता. आज दोन बुजवावेत, तर उद्या तीन नवे. काय म्हणावं लोकांना! ऊस लावायचं रान, त्याची पार चाळण करून टाकली होती.

सगळं त्या टीव्हीवाल्यांमुळं. दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात ते आले, जमिनीत पुरलेलं धन शोधायची मालिका घेऊन. तात्यासोंच्या रानात कधीकाळी जुनी वस्ती होती, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. दोन दिवसांत अकरा खड्डे मारले आणि सापडलं काय, तर बैलाचा गंजका नाल. त्यांचा साहेब डोकं धरून बसला.

"काका, घरात एखादं जुनं भांडं आहे का?"

चंदनाक्का, म्हणजे तात्यासोंची बायको, तेव्हा भाच्याच्या लग्नाला इचलकरंजीला गेलेली. तात्यासो मुलखाचे भिडस्त, नाही म्हणायला जीभ रेटेना. माळ्यावरचा तांब्याचा हंडा त्यांनी काढून दिला. टीव्हीवाल्यांनी तो माती फासून पुरला आणि कॅमेऱ्यापुढं पुन्हा उकरला. तात्यासोंकडून तीनदा तोंडाचा आ करून घेतला. आठ दिवसांत हंडा परत पाठवतो म्हणून साहेब जो गेला, तो गेलाच. फोन लावला की नुसती घंटी वाजायची.

हंडा होता चंदनाक्काच्या आईनं लग्नात दिलेला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी आईचं नाव घातलेलं. इचलकरंजीहून आल्यावर चंदनाक्कानं विचारलं, तर तात्यासो बोलून गेले, "कल्हईला दिलाय." बायकोशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले.

दिवाळीत तो भाग टीव्हीवर लागला आणि गाव पिसाळलं. "हंड्यातलं सोनं गप गिळलासा की तात्यासो!" शेजारच्या रानाचा सयाजी भर चौकात सगळ्यांदेखत म्हणाला. हंडा घरातलाच होता म्हटलं, तर लोक म्हणायचे, मग दाखवा की! पण दाखवायला होता कुठं? चंदनाक्का मात्र उंबऱ्यात उभी राहून एकेकाला सोलून काढायची. "माझा मालक असलं करणारा न्हाय! जावा, आपापली रानं उकरा!" तिचा विश्वास बघून तात्यासोंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शिमग्याच्या आसपास एका दुपारी ते रानातनं आले, तर घर सगळं उलटंपालटं. ट्रंका उघड्या, ज्वारीची कणगी रिकामी, आणि चंदनाक्का पदर खोचून माळ्यावर. तात्यासो शिडीजवळ गेले.

"अगं, तू बी? सारं जग सोनं हुडकतंय, आता तू बी?"

"सोनं घाला चुलीत! मी माझा हंडा हुडकालोय."

तात्यासो भिंतीला टेकले. "कल्हईवाला..."

"धा-अकरा म्हयनं कल्हई चालती व्हय? टीव्हीवर दिसला तवाच वळखला मी. काठाला पोचा हाय त्येच्या. म्हटलं, परत आणून कुठंतरी ठेवला असंल, लाजंनं सांगत नसतील."

"मुंबईला गेला त्यो. परत न्हाय आला."

ती शिडी उतरून खाली आली आणि शेवटच्या पायरीवर बसली. "आई गेली तवा भावजयीनं तिचं एक लुगडंबी दिलं न्हाय मला," ती म्हणाली. "एवढा हंडाच व्हता."

तात्यासो उघड्या ट्रंका आवरायला लागले. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त थकवा आला.

दुसऱ्या दिवशी दोघं रानात खड्डे बुजवत होती. नेसरीकडचा एक माणूस मोटरसायकलवरनं आला, मागं कुदळ बांधलेली.

"मामा, धन सापडलेलं रान हेच का?"

तात्यासो रोजचं 'न्हाय' म्हणायला तोंड उघडतायत, तोवर चंदनाक्काच बोलली.

"हेच की पावणं. सापडलं व्हतं. माझं व्हतं त्ये. यांनी दिऊन टाकलं."

 तात्यासोंनी खोरं उचललं आणि पुढच्या खड्ड्यात माती ओढायला लागले.