खूण मिळून आली नाही

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. सरकारी भूकरमापक होतो. तिसगावात सगळे मोजणीसाहेब म्हणतात. मच्छिंद्र हे नाव आता फक्त रेशनकार्डावर उरलंय. राग माझ्या नाकावर असतो, हे आधीच सांगून ठेवतो. मोजणी चालू असताना बांधावर कुणी मधे तोंड घातलं की मी साखळी खाली टाकून सरळ चहा प्यायला निघून जायचो. भांडणारे दोघंही मग गुमान उभे राहायचे.

माझी मुलगी ज्ञानेश्वरी समुद्र मोजते. हसू नका. इथं चैत्र लागला की आम्ही टँकरची वाट बघतो आणि आमची पोरगी सरकारी जहाजावर बसून देशाची समुद्रातली हद्द नकाशावर आणते. लहानपणी सुट्टीत माझ्याबरोबर शिवारात यायची, साखळीचं दुसरं टोक धरून उभी राहायची. मला तिचं लई कौतुक आहे. ते तिला कधी बोलून दाखवलं नाही, ती गोष्ट वेगळी.

यंदा दसऱ्यानंतर ती आठ दिवसांसाठी घरी आली. नेमका त्याच दिवसांत आसाराम माझ्या मागं लागलेला होता.

आसाराम म्हणजे माझा बांधाचा शेजारी. त्याचं रान माझ्या रानाला लागून, मधे एक बांध आणि खाली ओढा. लग्न झाल्यापासून तो आणि त्याची बायको बनुबाई दर साली ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आसपास घराला कुलूप लागतं, ते गुढीपाडव्याला निघतं. आता दोघांचेही गुडघे गेलेत, पण मुलगा आदिनाथ आणि सून जातात, म्हणून नातवंडं सांभाळायला यांनाही जावं लागतं. यंदा त्याला सरकारी विहीर मंजूर झाली. पाणी बघणाऱ्यानं सगळं रान फिरून एकच जागा दाखवली, ओढ्याकडच्या कोपऱ्यात. आणि ती जागा निघाली माझ्या हद्दीत.

"साहेब, तेवढा कोपरा द्या. बदल्यात वरल्या अंगाचं रान घ्या, दुप्पट घ्या," तो महिनाभर म्हणत होता. "तोडीचा ट्रक यायच्या आत ठरलं तर पोरगा तोडीला जायचा न्हाई. हिथंच विहीर खंदू."

"बघू," मी म्हणायचो. महिनाभर मी नुसतं बघू म्हणत होतो.

मला त्या कोपऱ्याचा लोभ नव्हता. तिथं काटेरी बाभळीशिवाय काय उगवतं? पण अदलाबदल करायची म्हणजे मोजणी आली, आणि मोजणी आली की त्या कोपऱ्यातला दगड आला. तो दगड मी पुरला होता.

सव्वीस वर्षांपूर्वी ओढ्याला पूर आला आणि हद्दीचा जुना दगड वाहून गेला. पुढं आमच्या भावकीत वाटप निघालं, मोजणी लागली. स्वतःची जमीन स्वतः मोजता येत नाही, म्हणून माझा सहकारी बजरंग येणार होता. आदल्या दिवशी मी पहार घेऊन गेलो, एक लांबट दगड निवडला आणि अंदाजानं पुरला. अंदाज आपल्याच बाजूला कलतो, हे मला तेव्हाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी बजरंगनं विचारलं, "खूण हीच का?" मी म्हणालो, "हीच." त्यानं लिहिलं, खूण मिळून आली. लगतच्या खातेदाराला नोटीस द्यावी लागते, तीही दिली होती. आसारामच्या कुलूपबंद दारावर चिकटवली होती. तारीख जानेवारीची घ्या, असं मीच सुचवलं होतं.

असो. तर एका दुपारी आसाराम आणि बनुबाई पुन्हा आले. ज्ञानेश्वरी ओट्यावर लॅपटॉप उघडून बसली होती. पडद्यावर किनारा, त्याच्या बाहेर एकामागं एक रेघा. आसाराम उकिडवा बसून बघायला लागला.

"ज्ञानू, समिंद्रात दगड रवत्यात व्हय गं? हद्द कळती कशी?"

"दगड नाही रोवत काका. पूर्ण ओहोटीला पाणी जिथपर्यंत मागं हटतं, ती आपली सुरुवातीची रेघ. तिथून बारा सागरी मैल आपलं राज्य. दोनशे मैलांपर्यंत मासे आपले, तळाखालचं तेल आपलं. पण तिथून जहाज न्यायला कुणालाही अडवता येत नाही."

"म्हंजी वहिवाट ठिवलीया."

"बरोब्बर!" ती हसली. "तुम्ही आमच्या ऑफिसातल्या साहेबांना शिकवायला या."

बनुबाईनं पदर सावरत विचारलं, "आन शेजारचा देस न्हाई का सरकवत रेघ? हितं तर नांगराचं एक तास जास्ती वढलं की बांध सरकतो."

"म्हणून तर सगळे बिंदू जाहीर करायचे असतात, काकू. ज्याला हरकत घ्यायची त्यानं घ्यावी. शेजाऱ्याला न विचारता काढलेली रेघ आपल्यापुरतीच खरी."

मी उगाच खाकरलो. चहा आणा म्हणून आत ओरडलो.

मग तिनं एका ठिपक्यावर बोट ठेवलं. किनाऱ्यापासून लांब, पाण्यात एक खडक. जुन्या नकाशात होता, भरतीला बुडायचा, ओहोटीला वर यायचा. असा खडक किनाऱ्यापासून बारा मैलांच्या आत असला तर बारा मैल त्याच्यापासून मोजता येतात. म्हणजे तेवढा समुद्र जास्त आपला.

"आम्ही तीनदा गेलो, सगळ्यात मोठ्या ओहोटीला. दिवसभर थांबलो. खडक काही वर आला नाही. झिजला असेल, नाहीतर जुन्या लोकांची नजर चुकली असेल. परवा मला त्याचा अहवाल पाठवायचाय."

"अगं मग दिसला म्हणून लिहून टाक की!" मी बोलून गेलो. "देशाचा फायदा आहे. एवढ्या पाण्यात कोण बघायला येणारे?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी कुणी अनोळखी माणूस आहे.

"अण्णा, तुम्हीच शिकवलंय ना? मी सहावीत होते, करंजी गावच्या रानात. दगड सापडेना, शेतकरी म्हणत होता इथंच होता, लिहा. तुम्ही साखळी टाकली आणि ओरडलात, खूण मिळाली नाही तर मिळाली नाही असंच लिहायचं, नाहीतर लेखणी खाली ठेवायची. मी ते आमच्या ऑफिसात सगळ्यांना सांगते. माझे वडील असे आहेत म्हणून."

आसाराम मान डोलावत म्हणाला, "साहेब लई कडक मानूस. सगळ्या तालुक्याला ठावं हाय."

मी कपबशी तशीच खाली ठेवली. खरं सांगतो, कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

सकाळी चहा न घेता मी आसारामच्या दारात गेलो. कोयते धार लावून भिंतीला टेकवलेले होते, गोधड्यांची गाठोडी बांधलेली. तो खाट झटकायला लागला. मी बसलो नाही.

"आसाराम, तो कोपरा तुझाच आहे. दगड मी पुरला होता. अकरा फूट तुझ्यात सरकून."

चुलीपुढून बनुबाई उठून आली.

"तवा दाराला कागद चिकटवला हुता म्हनं," ती म्हणाली. "पाडव्याला आलो तर वाऱ्यानं, उन्हानं पार फाटून गेल्ता. कोन वाचनार हुतं वो? कोंबड्या बी शेजारी ठिवल्या हुत्या."

"चुकलं माझं, बनुबाई."

"चुकलं कुठं? तुमी तर बराबर मोजून केलं."

वाटलं आता आसाराम शिव्या घालेल, गाव गोळा करेल. घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. तो गाठोड्यांकडं बघत म्हणाला, "त्या पान्यावर मी सव्वीस वर्सं ऱ्हायलो असतो की साहेब. आदिनाथ दुसऱ्याच्या फडात जलमला."

मला रडू आलं. दारातच, उभ्या उभ्या.

"उद्याच लिहून देतो," मी म्हणालो. "तुझा कोपरा तुला परत."

"लिवून नगं," तो म्हणाला. "सरकारी मोजनी पायजे. नोटीस माज्या हातात पायजे. यंदा आमी जात न्हाई. मी बांधावर उभा ऱ्हानार."

ट्रक आला आणि त्यांच्याशिवाय गेला. मी अतितातडीचा अर्ज केला. ज्ञानेश्वरी रजा संपवून परत गेल्यावर तिला फोनवर सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझा अहवाल पाठवलाय अण्णा. तुमचाही पूर्ण करा." आणि फोन ठेवला. त्यानंतर पंधरा दिवस तिचा फोन नाही.

मोजणीला करण नावाचा तरुण भूकरमापक आला. आता साखळी नाही, खांबावर यंत्र असतं, आभाळातनं हिशोब येतो. त्यानं माझ्या दगडाकडं बघितलंसुद्धा नाही. गावशिवेच्या जुन्या दगडावरून सुरुवात केली, टिपणाशी, म्हणजे मूळ मोजणीच्या कागदाशी, ताळा घेतला आणि कोपऱ्याची खूण लावली. मी टेप धरला. माझ्या दगडापासून अकरा नव्हे, चौदा फूट. कबुली देतानासुद्धा मी तीन फूट माझ्याकडं ठेवले होते.

पाण्याची जागा आता पुरती आसारामच्या रानात होती.

करणनं पंचनामा लिहायला घेतला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "सर, जुनी खूण पुरात नष्ट झाली एवढंच लिहितो. तुमचं नाव कशाला?"

"तुझ्या मायला! दे इकडं," मी म्हणालो आणि त्याची लेखणी घेतली. माझ्या जबाबात स्वतःच्या हातानं लिहिलं: जुनी खूण मिळून आली नाही. जी होती, ती मी पुरलेली होती. खाली सही केली.

आसारामनं त्याच्या नावापुढं सही केली. एकेक अक्षर दाबून. पुढच्या रकान्यात करणनं लिहिलं, हजर.

तेवढ्यात बनुबाई पुढं आली. "माजं बी लिवा."

"आजी, तुमचं नाव उताऱ्यावर नाही," करण म्हणाला. "तुमची सही लागत नाही."

"मी बी तवा हितं नव्हते. आता हाय."

करण माझ्याकडं बघायला लागला. माझा आवाज चढला, जुना, साखळी टाकायच्या वेळचा.

"बघतोस काय? पंच म्हणून लिही. पूर्ण नाव लिही."

त्यानं लिहिलं. बनुबाईनं अंगठ्याला शाई लावली, कागदावर टेकवला आणि म्हणाली, "वाचून दावा." त्यानं पहिल्या ओळीपासून सगळं वाचून दाखवलं. माझा जबाबही. मी तिथंच उभा राहिलो.