हाताचा कल

महामाया वारली, तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे दुपारच्या एसटीनं पांगले आणि कंधारच्या घरात तिघंच उरले. तिचे पती, विज्ञान शिकवून रिटायर झालेले ग्यानोबा गुरुजी, लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारा मुलगा नागसेन, आणि नांदेडला नर्स असलेली थोरली धम्मप्रिया.

गुरुजी आतल्या खोलीत आडवे झाले होते. त्यांचा डोळा लागला असंल असं समजून पोरं वऱ्हांड्यात बोलत होती.

"माझ्याकडं दोनच खोल्या हायेत, ताई."

"अन् माझी रातपाळी असली, की बाबाजवळ कोण बसंल?"

नागसेननं खिशातून नाणं काढलं. मग नागसेन म्हणाला, "छापा-काटा करू. छापा आला तर तुझ्याकडं, काटा आला तर माझ्याकडं. कुणाच्या मनाला लागायला नको."

गुरुजी उठून बसले. खिडकीतून पोराचा हात दिसत होता. छापा वर ठेवून त्यानं नाणं उडवलं. गरगरल्यागत दिसलं, पण उलटलं नाही. ताटलीसारखं आडवंच डगमगत वर गेलं अन् तसंच खाली आलं. त्यानं ते अलगद तळहातावर झेललं.

छापा.

नाण्यात खोट नसते, कल हाताचा असतो, असं गुरुजी वर्गात सांगायचे. सरळ मनानं उडवलं तरी आधी वर असलेली बाजूच वर यायचा संभव केसभर जास्त. आणि असं आडवं डगमगवलं, तर वरची बाजू वरच राहते, बघणाऱ्याला मात्र उलटतंय असंच वाटतं. नागसेन शाळेत असताना त्यांनीच त्याला हे करून दाखवलं होतं. पोरगं हुशार म्हणून किती कौतुक वाटलं होतं तेव्हा.

"बरं," धम्मप्रिया म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

गुरुजी बाहेर आले. "मी हितंच राहतो. माझं चालतंय."

धम्मप्रियानं लई विनवलं, रडली, शेवटी चहा ठेवायला आत गेली. नागसेन फरशीकडं बघत होता.

"बाबा, तुम्ही बघितलं काय?"

"हाव."

"ताईला सांगू नका."

"न्हाई सांगत."

तो आणखी काही म्हणंल म्हणून गुरुजी थांबले. आतून कपांचा आवाज आला, आणि नागसेन बॅग भरायला उठला.

संध्याकाळी गुरुजी स्टँडवर सोडायला गेले. आधी नांदेडची गाडी सुटली, मग लातूरची. दोघांनीही खिडकीतून हात हलवला. गुरुजी बाकावर बसून राहिले. शेजारच्या बाईनं विचारलं, "मुखेडची गाडी कधी हाय, मामा?"

त्यांनी सांगितलं. मग तिनं विचारलं नव्हतं तरी, त्याच्या पुढची कधी आहे तेही सांगितलं.